शालनकाकूचं दार

आईस, प्रीतीचा कागलहून जयभीम.

एमआयडीसीत माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर मिळतंय. फोनवर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

शेजारच्या शालनकाकूचा हप्ता चुकला, म्हणून फायनान्सवाल्यानं गटातल्या तुम्हा नऊजणींना तिच्या दारात बसवलं, असं कळलं. कर्ज घेताना तुम्ही एकमेकींना जामीन राहिलाय, हे मला ठाऊक हाय. पण तू दवाखान्यात होतीस, तेव्हा महिनाभर आमच्या भाकरी तिनंच थापल्या.

तुझा हप्ता कसा भरलास? शेळी हाय न्हवं अजून?

परत कधी बसावंच लागलं, तर फडक्यात चार भाकरी बांधून ने आणि तिला दे. तुम्ही दारात बसल्यावर तिची चूल पेटत नसंल.

तुझी लेक,
प्रीती