साहेबांसाठी पंखा

पाचपावली, नागपूर
१६ मे १९८३

प्रिय तारा,

पत्राला उशीर झाला. माझी तब्येत ठणठणीत आहे, तेव्हा जबलपूरला बसून तर्क लढवू नकोस.

इथे उन्हापेक्षा विजेच्या बिलाचा चटका जास्त आहे. दर वाढल्यापासून गल्लीत दिवेलागण उशिरा होते. समोरची जयवंता तुला आठवत असेल, कवडूची बायको. कवडूचं गिरणीतलं काम सुटलं. ती रात्री घरातल्या एकुलत्या एक दिव्याखाली विड्या वळते, त्यावर घर चालतं. बिलं थकली आणि वीज तोडण्याची नोटीस आली. दिवा गेला की विड्याही गेल्या. तेवढ्यात सरकारने सवलत काढली: ज्या गरिबाघरी एकच दिवा आहे, त्याची थकबाकी सरकार भरणार, पुढचं बिलही हलकं करणार. अर्ज झाला. वीज मंडळाच्या साहेबांनी घर बघून जायचं तेवढं उरलं होतं.

आता साहेब घरी येणार म्हटल्यावर जयवंताने काय करावं? गल्लीभर फिरली! गोपिकाची गादीची खुर्ची, चंपतरावांचा रेडिओ, कोणाची फुलाफुलांची कपबशी. माझ्या दारात येऊन म्हणाली, “बाई, साहेब येऊन राहिले. घडीभर पंखा द्या ना.” तू पाठवलेला टेबलफॅन मी तिच्या हातात ठेवला. आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं, पण पाहुणा येतोय म्हटल्यावर माझंही डोकं चाललं नाही.

साहेब आले. गादीवर बसले, पंख्याचा वारा घेतला, रेडिओकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवत कागद पिशवीत घालू लागले. मी ओसरीवरून बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! तशीच तरातरा गेले, पंख्याची पिन काढली आणि पंखा काखेत मारला. “हा माझा आहे. लेकीनं दिलाय,” एवढंच म्हटलं. चंपतराव बिलंदर, लगेच कळलं त्यांना. रेडिओ उचलत म्हणाले, “हा आपला हाय गा साहेब, बातम्यांची वेळ झाली.” मग गोपिका पदर सावरत आली. “साहेब, जरासे उठता का? खुर्ची मले न्यायची हाय.” साहेब उठले. हातातल्या कपबशीकडे बघून त्यांनी विचारलं, “ही कोणाची?” दारातून आवाज आला, “चहा होऊ द्या, मंग नेतो!”

खोलीत एक चटई, एक चूल आणि वर तो एक दिवा राहिला. साहेब इतके हसले की चहा बशीत सांडला. जयवंता मात्र दाराआड तोंड लपवून रडकुंडीला आली होती. मी तिला झापलं, “सवलत मागायला बोलावलंस की वरपक्ष जेवायला?” ती म्हणाली, “पाहुण्याले भुईवर बसवू का वं?” साहेबांनी चटईवर मांडी घातली आणि कागद पुन्हा बाहेर काढला.

काल मंजुरी आली. कवडू पेढे वाटत सुटला आणि जयवंता कोथिंबीर भरलेली सांबारवडी घेऊन माझ्याकडे आली. मी आपलं सवयीने सुनावलं, की अडचणीत हात पुढे करायला कसली लाज? तर कमरेवर हात ठेवून मलाच म्हणते, “मंग तुमी काहून पोरीची मनीऑर्डर वापस करता? पंखा असून फडक्यात बांधून ठेवता, पुठ्ठ्यानं वारा घेता. मले काय दिसत नाही?” चाळीस मुलींचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी मी सांबारवडी खात बसले. चांगली झाली होती.

तर तारा, पुढची मनीऑर्डर पाठव. पोस्टमनला मी यावेळी उलट्या पावली धाडणार नाही. बिल वाढलंय, पेन्शन तेवढीच आहे, हे तू न सांगता ओळखलंस, त्याबद्दल तुझी पाठ थोपटायला हवी होती. ती तू आलीस की थोपटीन. हे पत्र लाटण्याखाली दाबून लिहिते आहे, तरी कागद सारखा उडतोय. अक्षर हललेलं दिसलं तर म्हातारपण समजू नकोस. पंखा सुरू आहे.

तुझीच,
आई