वेबकॅमपुढे कुठे पाहायचं

वर्धा, शनिवार, २० नोव्हेंबर २००४

घरच्या कॉम्प्युटरसाठी आज वेबकॅम आणला. काल इंटरनेट कॅफेतून सिंगापूरला सुमनशी बोललो, तर पोरगी म्हणाली, "बाबा, खाली काऊन पाहून राह्यले? माह्यावर रागावले का?" मी तर पडद्यावर तिलाच पाहत होतो! तेव्हापासून जिवाला घोर.

दुकानदार हसला. "काकाजी, कॅमेरा वर राह्यते. त्याच्यात पाहा, मंग तिले वाटन तुम्ही तिच्याकडेच पाहून राह्यले."

पण मग तिचं तोंड मला कसं दिसणार?

त्यानं दोन दाखवले. एक पडद्यावर चिमट्यानं बसणारा, दुसरा लांब मानेचा, वाकवून पडद्यासमोर आणता येणारा. मानेचा घेतला. बरोबर केलं ना? नजर तरी अगदी जुळणार नाहीच म्हणे.

सायकलच्या पुढच्या नळीवर बसवून तिला पवनारला न्यायचो, तेव्हा कुठे तोंड दिसायचं? फक्त भांग आणि लाल रिबिनी. तरी नदी येईपर्यंत तिची बडबड चालू. मधेच विचारायची, "बाबा, आयकून राह्यले ना?" मी नुसती घंटी वाजवायचो. तेवढ्यानं तिचं भागायचं.

आता तोंडानं सांगावं लागेल, की रागावलो नाही, तुझी फार आठवण येते. असं मी कधी कोणाला म्हटलेलं नाही. उद्या म्हणून पाहतो.