चंद्र वजा करायचा राहिला

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

चौथीत कविता म्हणताना ऐन तिसऱ्या कडव्यात तुला लागलेली उचकी मला अजून ऐकू येते. भिंतीपलीकडे सातवीत बसून मी यमकाची वाट पाहत होतो. ते काही आलं नाही. असो. गुडघे कसे आहेत? (माझा उजवा बरा आहे. डाव्याचं नाव काढू नकोस.)

निवृत्तीनंतरही संशोधन संस्थेने माझं जिन्याखालचं टेबल राहू दिलंय. काम तेच. विश्वात न दिसणारं कृष्णद्रव्य ठासून भरलंय म्हणतात. ते कुठे कणाकणाने क्षय पावत असेल, तर त्यातून गॅमा किरण निघावेत. म्हणून आकाशातून आलेल्या किरणांतून ओळखीचं सगळं वजा करायचं, मेलेले तारे, दीर्घिका, धूळ, आणि उरेल त्याकडे बघायचं. (घरीही तीच सवय लागलीय. फ्रीजची घरघर वजा, शेजाऱ्यांचा टीव्ही वजा. उरत काही नाही.) नियम एकच, वजाबाकीची रीत पक्की होईपर्यंत उत्तराकडे ढुंकूनही बघायचं नाही, नाहीतर मनाला हवं तेच दिसतं. गेल्या महिन्यात उत्तर उघडलं, तर नकाशावर चक्क उजळ पट्टा. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मग आमच्या प्रमुख बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, हा चंद्र आहे." त्याच्याकडूनही गॅमा किरण येतात, आणि नेमका तोच वजा करायला मी विसरलो होतो. जन्मभर चंद्राच्या कविता घोकल्याचं हे फळ. चंद्र काढला, खाली सगळं सपाट. निष्कर्ष असा की कृष्णद्रव्य संपत असलंच, तर त्याला विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट काळ लागेल. इतकं चिवट दुसरं आपलं भांडणच. आईच्या कवितांच्या वहीवरून अकरा वर्षं अबोला. ती माझ्याकडे नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

तुझं पाकीट तीन आठवड्यांपूर्वी पोचलं. नियमाप्रमाणे फोडलेलं नाही. आधी माझं उत्तर पक्कं करतोय.

तुझा,
दादा

ता. क. वही माझ्याकडेच आहे. आईचं अक्षर एकट्याला वाचवत नाही. येऊन वाचून दाखवशील का?

ता. क. दुसरा. आत्ता पाकीट फोडलं. "नको असेन तर पंधरा दिवसांत कळव, गप्प राहिलास तर मी निघालो असं समज," असं लिहिलंयस. बेल वाजतेय. दारापलीकडून कुणीतरी विचारतंय, "दादा, आहेस ना आत? की आणखी एक पत्र टाकू?"