चिंगीचा लाल तारा

१२ मे १९२७
वैनी आजही जेवली नाही. तिसरा दिवस.
मार्गशीर्षात वैनीची चिंगी तापानं गेली. दहाव्याच्या सांजेला दारातून जो पहिला तारा दिसेल तो गेलेल्या माणसाचा, असं आमच्या घरी धरतात. निघाला लाल. तेव्हापासून वैनी दिवसातून एकदाच जेवते, दिवेलागणीला तो पाहून. आधी पूर्वेला होता. सरकत सरकत पश्चिमेच्या टेकडीवर आला, आणि आता दिसतच नाही.
आणि मी गाढव! पाच महिने भटकून परवा घरी आलो, आणि भात खाता खाता शहाणपण पाजळलं. गोंदिया स्टेशनातल्या पार्सलबाबूकडं ऐकलेलं. तारे धुरासारख्या वायूतून जन्मतात, पांढरे जळतात, म्हातारे झाले की लाल होऊन विझतात. वैनीचा हात थांबला, तो थांबलाच. "माही पोरगी चार वर्साची. म्हातारी कवा झाली?" मी हसलो. हसलो मी.

१५ मे
नुसतं पाणी. दादा गोठ्यातून ओरडला, "तूच बोलला, तूच निस्तर! जा त्या बाबूकडं. बसून कायले रायला?"
पायीच निघालो.

१८ मे, आमगाव
बाजारात कोंबड्यांची झुंज लागली होती. एक डाव पाहू म्हटलं. दोन दिवस गेले. वैनी तिकडं... लिहवत नाही.

२० मे, गोंदिया
बाबू पार्सलांच्या ढिगात. मला पाहून म्हणाला, "अरे, उस दिन आधी बात में भाग गया था तू, नया इंजन देखने!"
खरंच गेलो होतो.
त्यानं पुस्तक काढलं. तारा दोनदा लाल होतो म्हणे. जन्मतो तेव्हा मोठा, सैल, लाल. मग आवळतो, तापतो, पांढरा होतो. मग निवतो, लहान होतो, पुन्हा लाल, आणि संपतो. मी अर्धंच घेऊन पळालो होतो.
आमचा कोणता? कुठं उगवतो, कुठं मावळतो, हातानं दाखवलं. बाबू म्हणाला, "वो तो रोहिणी है. बहुत बड़ा है. अभी बच्चा है."
मी विचारलं, मग दिसत काऊन नाही? "सूरज उसके पास पहुँच रहा है, चमक में छुप गया. आषाढ़ में सुबह देखना, पूरब में."
रोहिणी! रोहिणी लागायच्या आत धानाच्या बांध्या नीट करा म्हणून अख्खं गाव ओरडतं. सगळे पंचांगात पाहतात. वर कोणीच पाहिलं नाही. मीही नाही.

२३ मे
या खेपेला वाटेत कुठं थांबलो नाही. आमगावचा बाजार टाळून शेतातून आलो. वैनी भिंतीकडं तोंड करून पडलेली. सगळं सांगितलं. लेकरू आहे, वैनी, मोठं होऊन रायलं.
तिनं कूस बदलली. मग, "तवा बी बाबूचंच सांगत होते ना, भाऊजी?"
आषाढात पहाटे पूर्वेला दिसेल, म्हणालो.
"दाखवा. मंग जेवीन." तोवर पेज, तीही दादानं हात जोडले तेव्हा कबूल केली. तीन घोट.

१९ जून
पहाटे उठलो. आभाळ गच्च.

२७ जून
गच्च. वैनीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डोंगरगडकडच्या गाडीची शिटी ऐकली, थैली भरली. दादा नुसता पाहत राहिला. थैली रिकामी केली.

३ जुलै
उजाडायच्या आधी वारा सुटला. दादानं आणि मी वैनीला बाजेसकट अंगणात आणलं. ती म्हणाली, "मेली नाई मी अजून, खांदे कायले बदलता?" कित्येक दिवसांतली पहिली थट्टा.
पूर्वेला ढग वीतभर फाटला. आत एक तारा.
"हाच का, भाऊजी?"
मी हो म्हणालो. पुन्हा ढग.
लाल होता का? देवाशपथ, मला माहीत नाही. मी तिच्याकडंच पाहत होतो.
दादानं भाताची ताटली आणली. वैनीनं मांडीवर घेतली आहे. उजाडलं. अजून घास उचलला नाही.