व्याह्यांना माइकवर काउच पोटॅटो म्हणालो त्याबद्दल

राजमान्य राजश्री हैबतराव यांस नांद्याहून भिवाजीचा हात जोडून नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्याकडेही, तुमचा राग सोडून, सगळं बरं असावं. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितो.

साखरपुड्यात मी माइकवर तुम्हाला ‘कासार आंबोलीचे मोठे काउच पोटॅटो’ म्हणालो, ते देवाशपथ मानानं म्हणालो. आमचा भाडेकरू मनीष दिवसभर कोचावर पाय पसरून असतो (मांडीवर लॅपटॉप, समोर टीव्ही). काय काम करतोस विचारलं, तर हसून म्हणाला, “काका, मी काउच पोटॅटो.” मला वाटलं, मॅनेजरच्या वरचा हुद्दा असेल. आयटीवाल्या पाहुण्यांसमोर व्याह्यांना इंग्रजी मान द्यावा, एवढाच हेतू. सगळे हसले, तेव्हा आवडलं समजून मी पुन्हा म्हणालो (ते दुसऱ्यांदाचं जास्त लागतंय). तुम्ही पुतण्याला अर्थ विचारलात आणि भरल्या ताटावरून उठलात. तुमची शुभांगी रडत तुमच्यामागून गेली. तेव्हापासून आमचा इंद्रजित घरात कुणाशी बोलत नाही.

मग मनीषला धरलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेत टीव्हीला थट्टेनं ‘ट्यूब’ म्हणायचे आणि बटाट्यासारख्या कंदाला तिकडं ‘ट्यूबर’ म्हणतात. त्यावरून टीव्हीपुढं लोळणाऱ्या आळशी माणसाचा कुणीतरी कोचावरचा बटाटा केला. आणि हे मी म्हणालो कुणाला? तुम्ही पहाटे म्हशींच्या धारा काढणारे, या वयात चिखलात उतरून भात लावणारे. आमच्या हिला, चंद्राबाईला सांगितलं, तर म्हणाली, “शबूद बराबर हाय, माणूस चुकला. ते नाव तुमचं.”

तिचं खोटं नाही. जमीन बिल्डरला दिल्यापासून मी करतो काय? आपल्याच खाचरांवर उभ्या राहिलेल्या इमारती खिडकीतून बघतो, नाहीतर टीव्ही. झोप नसली तरी पडून असतो. व्याहीबुवा, माझ्या जिभेचा राग पोरांच्या लग्नावर काढू नका.

आपला,
भिवाजी

ता. क. : खरं मागणं राहिलंच. यंदा भातलावणीला मला बोलवा. मजुरी नको, भाकरी द्या. पाय चिखलाला विसरलेत.

पुन्हा ता. क. : चंद्राबाईनं हे वाचलं. म्हणाली, “कासार आंबोली काय परदेशात हाय? पत्र कशाला, सोता जावा की.” मी म्हटलं, तोंड दाखवायची लाज वाटते.

“लाज न्हाई, आळस हाय.”

“दोन्ही हाय,” मी म्हटलं.