दहाच्या आत

भुईगाव,
४ ऑक्टोबर

चि. सौ. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू रडतेस, मी गप्प बसते, आणि मग दोघींनाही वाटतं की समोरची रागावली. पत्रात निदान एकीचं बोलणं पुरं होतं.

इकडे सर्व ठीक. राजेळी केळीचे घड चांगले भरलेत, यंदा वाळवून सुकेळी भरपूर होतील. वाडीचं पाणी आता सूनबाई बघते. नेत्रा कॉलेज शिकलेली, पण चिखलात उतरायला लाजत नाही. माझ्या हाती कष्टाचं काही ठेवत नाही, म्हणून मी दुसरा उद्योग काढला आहे. तो वाचण्याआधी खाली बस आणि पाणी पिऊन घे. मी तुझ्या दादाची सायकल चालवते.

सुरुवात वाचनालयापासून झाली. मी चौथीपर्यंतची, पुढचं सगळं वाचन तुझ्या दादाने दर शनिवारी कॅरियरला बांधून आणलेल्या दोन पुस्तकांवर झालं. तो गेला तेव्हा घरात जी दोन होती ती मी चार महिने आलटून पालटून वाचली. परत करायची लाज वाटू लागली तेव्हा सायकल बाहेर काढली. माहेरी असताना फुलांच्या टोपल्या घेऊन मी सायकलवरून जायची, ते पायांना आठवत होतं. दांडा आडवा येतो म्हणून नेत्राने तिचा पंजाबी ड्रेस दिला. नाक्यावरची माणसं दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी एकाने येताना कोथिंबीर आणायला सांगितली.

मग वाचनालयाच्या पुढे जाऊ लागले. निर्मळचं तळं, राजोडीची सुरूची झाडं, आगाशी. सगळा सपाट मुलूख, चढ म्हणजे काय तो पुलाचा. तुझा दादा म्हणायचा की रस्त्यावरच्या माणसाने हाक मारली तर ती आपल्याला ऐकू आली पाहिजे, इतकीच सायकल पळवावी. इतकी वर्षं तो मला ये म्हणायचा आणि मी चूल सोडत नव्हते. आता जाते.

एक मनात आहे. या भाऊबीजेला वर्ष होईल. तुझ्याकडे निघालेला तो मारंबळपाड्याच्या बोटीच्या धक्क्यापाशी कोसळला, कोणीतरी रिक्षात घातला, आणि आपल्याला फोन आला तो थेट दवाखान्यातून. सायकल तिसऱ्या दिवशी टेम्पोतून आली, तीही शेजारच्या ज्युलियसच्या फाटकाशी. दादाने ती त्याच्याकडूनच घेतलेली, आणि चेनच्या झाकणावरचं त्याचं नाव कधी खरवडलं नाही. आम्ही बाहेर येईपर्यंत टेम्पोवाला निघून गेला होता. ज्या कोणी त्याला धरलं, त्याची सायकल सांभाळली, त्याला मी अजून एक शब्द बोललेली नाही. शेवटी तो एकटा होता का, तेही विचारायचं आहे. धक्क्यापर्यंत सायकलने जाणार आहे. तुला सांगितल्याशिवाय जावंसं वाटेना.

जावईबापूंना नमस्कार. माया करतेसच, ती लिहून कळवत जा.

तुझी,
द्वारकावहिनी

*

केळवे,
११ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तू सांगितलंस म्हणून आधी पाणी प्यायले, तरी ठसका लागलाच. या वयात पंजाबी ड्रेस घालून आगाशीपर्यंत जातेस, आणि मला चार पावलांवर समुद्रावर जायचं तर गुडघा दुखतो.

थट्टा पुरे. वहिनी, ती सायकल विकून टाक किंवा कोणाला देऊन टाक. मी वर्षभर तुझ्याशी नीट बोलले नाही. तुला वाटलं असेल, दादाला एकट्याला जाऊ दिलंस म्हणून मी तुझ्यावर रागावले. मीही तसं वाटू दिलं. ते सोपं होतं.

खरं आता लिहिते. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मी दादाला फोन केला होता. कुठे आहेस म्हणून ओरडले. दहाच्या आत पाटावर बसलास नाही तर मी ओवाळणार नाही, असं म्हणाले. तो हो, आलोच म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर डॉक्टर म्हणाले की हृदयावर ताण आला. वहिनी, तो ताण माझा होता. एकसष्ट वर्षांच्या माणसाला मी खाऱ्या वाऱ्यात पळवलं. हे मी घरातही कोणाला सांगितलेलं नाही. आरतीचं तबक माळ्यावर आहे, त्या दिवशीच्या कुंकवासकट. खाली काढायची हिंमत होत नाही.

धक्क्यावर जाशील तर जा, तुला मी कोण अडवणार. पण तिथे कोणी काही सांगितलं, तो धापा टाकत आला होता असं सांगितलं, तर तेही मला लिही. लपवू नकोस.

राग धरू नकोस, असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

तुझी,
सुमेधा

*

भुईगाव,
२५ ऑक्टोबर

चि. सौ. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मग बाकीचं. तो धापा टाकत आला नव्हता. तो सायकलवर नव्हताच. सायकल स्टँडवर होती आणि तो बाकड्यावर बसून चहा पीत होता. आता सावकाश वाच.

काल पहाटे निघाले. ज्युलियस हट्टाने स्कूटर घेऊन मागे आला, म्हणाला की त्याच्या नावाची सायकल आहे, बंद पडली तर बदनामी त्याची होईल. सबंध वाटेत त्याची स्कूटर माझ्यामागे मरगळून चालत होती. आगाशीच्या पुढे भातं पिवळी पडलीत. मग खाडीकाठची तिवरं लागली, ओहोटीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यात बगळे माणसांसारखे एकमेकांपासून अंतर ठेवून उभे होते. मी तीनदा थांबले. दमले म्हणून नव्हे.

धक्क्याच्या अलीकडे एक बाई सुकी मासळी विकते, शेजारी चहाची किटली ठेवते. लूर्डस तिचं नाव. तिने सायकलच्या झाकणावरचं नाव वाचलं आणि उभीच राहिली. मला म्हणाली की ज्युलियसची बायको ना तू. मी काही बोलण्याआधी मागून ज्युलियस पुढे आला आणि म्हणाला की ज्युलियस मी. ती बाई क्रूसाची खूण करून दोन पावलं मागे सरली.

झालं होतं असं. रिक्षा दादाला घेऊन गेली, सायकल तिच्याकडे राहिली. तिने झाकणावरचं नाव वाचलं, तेच त्याचं समजली. भुईगावचा म्हणून त्याने सांगितलेलं, तेवढ्यावर भाच्याच्या टेम्पोतून सायकल धाडली. तो गेल्याचं रिक्षावाल्याकडून कळलं, तेव्हा तिने त्यांच्या देवळात फादरना ज्युलियसच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, सांगितली, आणि पुढे दर महिन्याला सांगत आली. ज्युलियसने हे ऐकून हात जोडले आणि म्हणाला की बाई, तरीच माझं गुडघ्याचं दुखणं वर्षभर बरं आहे. ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. मग तो पदर तसाच राहिला.

आता तुझा फोन. तो तिच्यासमोरच आला होता. दादाने हो, आलोच म्हटलं, फोन खिशात टाकला आणि लूर्डसला सांगितलं की बहीण लहानपणापासून घड्याळ आहे, पण तीन तास पुढचं. दहाला बोलावते आणि पुरण एकला शिजतं. मग त्याने दुसरा चहा मागितला. तुझ्यासाठी नेत असलेला सुकेळ्यांचा पुडा सोडला, एक तिला दिलं, एक स्वतः खाल्लं. तिने बोटीची आठवण केली तर म्हणाला की दुसरी येईल, बगळे काय रोज इतके जवळ येतात. तासभर बसला, सुमेधा. तू त्याला पळवलं नाहीस. त्याला कोणीच कधी पळवू शकलं नाही, मीही नाही.

मग उठताना त्याने छाती धरली आणि परत बसला. तिने पानी पाजलं, हा शब्द तिचाच, आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो एवढंच म्हणाला की सायकल सावलीत घ्या. ती घेतली का ते त्याने बघितलं, असं ती म्हणते.

तो एकटा नव्हता. मी तिचे हात धरून बसले, आभाराचा शब्द ठरवून गेले होते तो आठवलाच नाही. सोबत नेलेली सुकेळी तिच्यापुढे ठेवली, तिने मला चहा दिला. दुसराही दिला.

तिने खरं नाव विचारलं. शांताराम सांगितलं. पुढची मिस्सा त्या नावाने सांगू का म्हणाली. मी म्हटलं, सांग, पण ज्युलियसचंही चालू ठेव, त्याचा गुडघा आहे.

सायकल विकणार नाही. तबक तू खाली काढावंस असं वाटतं. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
द्वारकावहिनी

*

केळवे,
३१ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं, फोनचंही सांगितलं. ते म्हणाले की माझं पुरण एकला शिजतं हे शांतारामला माहीत होतं आणि मलाच माहीत नाही. माझी सुकेळी वाटेत वाटून टाकायची त्याची खोड जुनीच दिसते. दर भाऊबीजेला पुडा हलका का असायचा ते आज कळलं.

तबक खाली काढलं. चिंचेने घासायला घेतलं, कुंकू सुटायला वेळ लागला. मी घाई केली नाही.

यंदा सण नाही, पण तू ये. सायकल बोटीत घाल, मी पलीकडच्या धक्क्यावर येऊन थांबते. ज्युलियसभाऊंनाही आण. माझ्या भावाच्या वाटची प्रार्थना वर्षभर त्यांच्या नावावर झाली, त्यांना पाटावर बसवलं तर दादा हसेल. येताना लूर्डसबाईकडे बस, माझा नमस्कार सांग, बगळे असतील तर बघ. दुसरा चहा घे.

आणि वहिनी, दहाच्या आत येऊ नकोस.

तुझीच,
सुमेधा