माठाचं पाणी

९ मे, धुळे
समुद्रतळाच्या चिखलात बिळं करून राहणाऱ्या कोळंबीचं हे कुळ, आणि त्याचा अभ्यास मी करणार धुळ्यात बसून! गाइडसर हसले ते उगाच नाही. किनाऱ्यावरून चिखलासकट आणलेली जोडी टाकीत बिळात शिरली ती पुन्हा दिसलेली नाही. बिळाच्या तोंडाशी सकाळी ताजा चिखल दिसला की समजायचं, आहेत. आज होता.
आई, चिखलाकडे बोट दाखवून : "काय शे वं त्या गारामा? दिसत त काहीच नही."

१२ मे
ऊन मरणाचं. कॉलेजातून आले तर टाकी काठोकाठ आणि आई खुशीत.
"त्यासले तीस लागनी व्हई. माठनं पानी टाकं मी."
गोडं पाणी! खाऱ्यातल्या जिवांना ते विषच. ओरडणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "अनिलले कोनीच नही पाजं."
अनिल, माझा धाकटा भाऊ. मागच्या उन्हाळ्यात रावेरला गाडीत केळी भरताना ऊन लागलं, पाणी मागत गेला. तेव्हापासून ही दारातल्या कुत्र्यालाही...
ती विहारात गेल्यावर टाकी उपसली, कॅनमधलं उरलंसुरलं खारं पाणी भरलं.

१३ मे
मादी वर आली. मेलेली. पोटाखाली अंडी, पांढरीफटक. कुंडीत पुरली. खूप रडले. अनिलच्या वेळी एवढं रडायला जमलं नव्हतं.
आई : "पिनात का वं त्या?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१५ मे
ताजा चिखल नाही. उकरून बघावं, तर नर जिवंत असला तरी बीळ मोडून मरायचा. सरांचा फोन घेतला नाही. प्रबंध गेला खड्ड्यात. कशातच जीव नाही. आई मात्र रोज टाकीपाशी बसून त्यांच्याशी बोलते.

१६ मे
बिळाच्या तोंडाशी चिमूटभर चिखल. बोट लावलं. मऊ, ताजा! नर आहे.
वळले तर मागे आई, हातात तांब्या. "सरक वं बाजूले. आज बी पाजस."
टाकीवर हात आडवा धरला. पाणी मनगटावर सांडलं, गार.
"काय व्हयनं वं?"
सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. मादी कशाने मेली तेही. उठून इथे येऊन बसले, हे लिहितेय. ती अजून टाकीपाशीच आहे, विचारतेय. तांब्या खाली ठेवलेला नाही.